जीएसएलव्ही मार्क ३ चे एलव्हीएम३ झाले. मॉडमधील भागांची नावेही बदलावीत का?

नभोयंत्र यांचा प्रश्न

नमस्कार. कर्बल स्पेस प्रोग्रॅम या याने बांधून उडवण्याच्या संगणक-खेळासाठी भारतीय प्रक्षेपकांच्या सुट्या भागांचा एक मॉड (म्हणजे खेळाला बाहेरून जोडायची भर) मी २०१९ पासून तयार करीत आहे. पीएसएलव्ही, जीएसएलव्ही आणि एलव्हीएम३ मिळून त्यात आता ६३ भाग झाले आहेत. पहिले दहाबारा भाग होते तोवर नावांचा वेगळा विचार करावा असे कधी वाटले नाही. ज्या रात्री जो भाग पुरा झाला त्या रात्री जे सुचले तेच त्याचे नाव पडले. आता मात्र भागांची माहिती लिहिलेल्या कॉन्फिग फाइलींचा फोल्डर उघडला की कोणता भाग कोणत्या फाइलीत आहे हे शोधण्यातच अर्धा तास जातो. नमुन्यादाखल पाच नावे देतो. फाइलीत ती रोमन लिपीत आहेत, येथे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत लिहीत आहे : ‘जीएसएलव्हीएमके३_एस२००’, ‘एल११०टँक’, ‘क्रायो_टँक_बिग’, ‘विकास२’ आणि ‘पीएस२_इंजिन’.

विकास हे इस्रोचे द्रव इंधनावर चालणारे इंजिन. ‘विकास२’ मधला २ म्हणजे मी ते मॉडेल दुसऱ्यांदा घडवले एवढेच. इंजिनाशी त्या आकड्याचा काही संबंध नाही. ‘पीएस२_इंजिन’ हेही विकासच आहे, फक्त त्याची झोताची नळी लांब आहे. ‘क्रायो_टँक_बिग’ ही टाकी मोठी म्हटली गेली, कारण तेव्हा मॉडमध्ये दुसरी शीतइंधनाची टाकी जीएसएलव्हीची होती आणि ती लहान होती.

खरी अडचण प्रक्षेपकाच्या नावातून उभी राहिली. जुलै २०१९ मध्ये चांद्रयान-२ ज्या प्रक्षेपकाने गेले त्याला आपण सगळे जीएसएलव्ही मार्क ३ म्हणत होतो, आणि माझ्या भागांची नावेही त्यावरूनच पडली. २३ ऑक्टोबर २०२२ रोजी वनवेब या कंपनीचे उपग्रह घेऊन तोच प्रक्षेपक एलव्हीएम३-एम२ या नावाने उडाला, आणि १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ एलव्हीएम३-एम४ ने गेले. आता नवा खेळाडू शोधपेटीत ‘एलव्हीएम३’ लिहितो आणि त्याच्यासमोर यादी रिकामी येते.

म्हणून गेल्या महिन्यात मी नावे सुधारायला घेतली आणि पहिल्याच भागाला ठेच लागली. ‘क्रायो_टँक_बिग’ चे ‘सी२५_टँक’ करून नवी आवृत्ती मित्रांना पाठवली. दुसऱ्या दिवशी एका मित्राने कळवले की ‘मन’ या खेळातल्या चंद्राभोवती त्याने उभारलेला इंधनसाठा नाहीसा झाला. खेळ उघडताना ‘या यानातील भाग सापडत नाहीत’ अशा अर्थाची सूचना आली होती, ती त्याने बंद केली, आणि पुढच्या आपोआप होणाऱ्या जतनात ते यान सेव्हमधूनच गेले. त्याच्याकडे आठवडाभरापूर्वीची प्रत होती म्हणून बरेचसे परत मिळाले, पण मधल्या आठवड्याचे त्याचे काम गेले ते गेलेच. त्याची मला मनापासून खंत आहे आणि तसे पुन्हा कोणाच्या बाबतीत होऊ नये अशी इच्छा आहे.

मला विचारायचे आहे ते असे. बाहेर पडलेली नावे बदलण्याचा काही सुरक्षित मार्ग आहे का, की ती तशीच ठेवावीत? आणि पुढे येणाऱ्या भागांसाठी अशी कोणती पद्धत धरावी, की आणखी पाच वर्षांनी इस्रोने पुन्हा एखादे नाव बदलले तरी मला काही हलवावे लागू नये?

सूत्रलेखिका यांचे उत्तर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते : जे नाव एकदा लोकांच्या संगणकावर पोचले ते बदलू नका. पण आपण कोणत्या नावाविषयी बोलत आहोत हे स्पष्ट केले तर आपली निम्मी अडचण तेथेच सुटेल असे मला वाटते.

खेळातील प्रत्येक भागाला दोन नावे असतात. कॉन्फिग फाइलीत ‘नेम’ या ओळीवर असते ते एक आणि ‘टायटल’ या ओळीवर असते ते दुसरे. आपल्याकडे पत्रिकेतले जन्मनाव वेगळे आणि हाक मारायचे नाव वेगळे असते, तसाच हा प्रकार आहे. हाक मारायचे नाव खेळाडूला दिसते, आणि ते आपण दर आवृत्तीत बदललेत तरी कोणाचे काही बिघडत नाही. जन्मनाव खेळाडूला एरवी दिसत नाही, पण खेळाचा सगळा हिशेब त्यावर चालतो. जतन केलेल्या प्रत्येक यानात तेच नाव लिहिलेले असते. कारकिर्दीच्या खेळात कोणते भाग संशोधनातून मिळवले आहेत याची जी नोंद सेव्हमध्ये असते, तीही त्याच नावाने असते. शिवाय दुसऱ्या कोणी आपल्या भागासाठी मॉड्यूल मॅनेजर या मॉडचा पॅच (भागाच्या माहितीत बाहेरून बदल करणारी फाइल) लिहिला असेल, तर तोही त्याच नावावर बेतलेला असतो. म्हणजे जन्मनाव बाहेर पडल्यावर ते आपल्या एकट्याच्या मालकीचे राहत नाही. शोधपेटीत ‘एलव्हीएम३’ लिहिल्यावर भाग सापडावा यासाठी जन्मनावाला हात लावण्याची गरजच नव्हती. टायटल बदलून आणि ‘टॅग्ज’ च्या ओळीवर जुने-नवे दोन्ही शब्द लिहून ते काम झाले असते.

खेळाच्या मूळ भागांचीच जन्मनावे पाहिलीत तर आपल्याला बराच धीर येईल. एलव्ही-टी३० हे इंजिन आत नुसते ‘लिक्विडइंजिन’ आहे, टी४५ हे ‘लिक्विडइंजिन२’ आणि एलव्ही-९०९ हे ‘लिक्विडइंजिन३’. एफएल-टी४०० ही टाकी नुसती ‘फ्युएलटँक’ आहे, तिच्याहून लहान टी२०० ही ‘फ्युएलटँकस्मॉल’ आहे आणि त्याहूनही लहान टी१०० ही ‘फ्युएलटँकस्मॉलफ्लॅट’. रॉकोमॅक्स या खेळातल्या उत्पादकाच्या चार टाक्यांपैकी तिघींच्या नावात अंडरस्कोअर आहे आणि सर्वांत लहान ‘रॉकोमॅक्स८बीडब्ल्यू’ मध्ये तो नाही. हे सगळे खेळ तयार करणाऱ्या स्क्वाडच्या लोकांच्या लक्षात आले नसेल असे मुळीच नाही. त्यांनी ते तसेच ठेवले, कारण ते सुधारणे म्हणजे जगभरातल्या खेळाडूंची याने मोडणे झाले असते. पुढे १.४ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत काही इंजिने नव्याने घडवली तेव्हा त्यांनी जुन्या नावाला हात न लावता ‘लिक्विडइंजिन३_व्ही२’ असा नवा भाग आणला आणि जुना भाग यादीतून लपवून फाइलींमध्ये कायम ठेवला. माझ्या मते हाच पायंडा आपणही पाळावा.

करायचे ते असे. नवा भाग नव्या नावाने येऊ द्या. जुन्या नावाची कॉन्फिग फाइल ठेवा, पण तिच्यात ‘कॅटेगरी’ समोर ‘नन’ लिहा आणि ‘टेकहिडन’ ला ‘ट्रू’ करा, म्हणजे नवे यान बांधताना तो भाग कोणाला दिसणार नाही, पण मनभोवती फिरत असलेल्या यानात तो जागच्या जागी राहील. दोन्ही फाइलींनी एकाच मॉडेलकडे आणि एकाच टेक्श्चरकडे बोट दाखवले तर मेमरीचा भारही वाढत नाही. मॉडेलच्या फाइलीचा मार्ग मात्र बदलू नका. फोल्डरचे नाव हाही याच जातीचा करार आहे आणि तो मोडला की दुसऱ्यांच्या फाइली तुटतात.

आपल्या मित्राच्या सेव्हबाबत एक गोष्ट अजून करता येईल. त्याच्याकडे त्या आठवड्यातील जतन केलेल्या यानांच्या फाइली (क्राफ्ट फाइली) असतील, तर त्या साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून जुने नाव सर्वत्र नव्या नावाने बदलता येते. बदल सर्वत्र झाला पाहिजे, कारण क्राफ्ट फाइलीत भागाचे नाव त्याच्या स्वतःच्या ओळीवर तर येतेच, शिवाय जो भाग त्याला जोडलेला असतो त्याच्या ओळींवरही येते. आधी फाइलीची प्रत काढून ठेवावी. आणि एक बारकावा ध्यानात असू द्यावा : कॉन्फिगमध्ये आपण अंडरस्कोअर लिहितो, पण भाग लोड करताना खेळ त्याचा ठिपका करतो. क्राफ्ट फाइलीत भागाच्या नावापुढे अंडरस्कोअर लावून त्या विशिष्ट भागाचा क्रमांक येतो, म्हणून नावातला अंडरस्कोअर तेथे चालत नाही. त्यामुळे सेव्हमध्ये ‘क्रायो_टँक_बिग’ शोधलेत तर काहीच सापडणार नाही, ‘क्रायो.टँक.बिग’ शोधावे लागेल. पॅच लिहिताना मात्र अंडरस्कोअरचेच रूप लागते. यात माझे कितीतरी तास गेले आहेत, म्हणून मुद्दाम लिहीत आहे.

थुंबा_ते_मन यांचे उत्तर

सूत्रलेखिका यांनी जुन्या नावांविषयी लिहिले आहे त्याला माझा पूर्ण दुजोरा आहे. मी नव्या नावांच्या पद्धतीविषयी लिहितो, कारण इस्रोनेच ती आपल्या हातात दिलेली आहे असे माझे मत आहे.

इस्रोच्या टप्प्यांना दोन प्रकारची नावे आहेत. पीएस१, पीएस२, पीएस३, पीएस४ ही नावे टप्पा पीएसएलव्हीत कितव्या जागी आहे ते सांगतात. एस१३९, एल४०, एस७, एल२.५ ही नावे टप्पा मुळात काय आहे ते सांगतात : एस म्हणजे घन इंधन, एल म्हणजे द्रव, सी म्हणजे शीत, आणि पुढचा आकडा म्हणजे इंधनाचे टनांतले वजन, थोडेसे पूर्णांकाकडे नेलेले. एलव्हीएम३ चे एस२००, एल११० आणि सी२५ याच रीतीचे आहेत. आपल्या भागांची जन्मनावे या दुसऱ्या प्रकारची असावीत, पहिल्या प्रकारची कधीही नसावीत.

त्याचे कारण असे की जागा बदलते आणि वस्तू तीच राहते. एस१३९ हा पीएसएलव्हीचाही पहिला टप्पा आहे आणि जीएसएलव्हीच्याही गाभ्यात तोच आहे. विकास इंजिन तर किती ठिकाणी आहे पाहा : पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात एक, जीएसएलव्हीच्या चार द्रव बूस्टरांत प्रत्येकी एक, त्याच्याच दुसऱ्या टप्प्यात एक, आणि एल११० मध्ये दोन. आपण ‘पीएस२_इंजिन’ असे नाव ठेवलेत की जीएसएलव्ही बांधणारा खेळाडू त्याकडे पाहणारच नाही, आणि पाहिले तरी त्याला ते चुकून आल्यासारखे वाटेल. अमेरिकेत सॅटर्न प्रक्षेपकांच्या वेळी हेच घडले होते. एस-आयव्हीबी हा टप्पा सॅटर्न १बी वर दुसरा होता आणि सॅटर्न ५ वर तिसरा, आणि त्याच्या नावात मात्र रोमन ४ होता, कारण ती अक्षरे आधीच्या एका आराखड्यातून आलेली होती. ज्यांना तो इतिहास ठाऊक आहे त्यांनाच ते नाव उलगडते.

प्रक्षेपकाचे नावही जन्मनावात घालू नये असे मी म्हणेन. जीएसएलव्ही मार्क ३ चे एलव्हीएम३ झाले, पण एस२०० हा एस२०० च राहिला. आपण मुळात ‘जीएसएलव्हीएमके३’ हा तुकडा जोडला नसता तर आज हा प्रश्न निघालाच नसता. तेव्हा क्रम असा ठेवावा : आधी मॉडचा उपसर्ग, मग टप्प्याचे मूळ नाव, मग वस्तू, आणि लागलाच तर शेवटी भेद. उपसर्ग अनिवार्य समजावा. ‘एस२००’ हे नाव उद्या दुसरा कोणी भारतीय रॉकेटांचा मॉड करणाराही सहज देईल, आणि एकाच जन्मनावाचे दोन भाग आले की जतन केलेल्या यानाला त्यांतला कोणता हवा आहे हे ओळखण्याचा काहीही मार्ग उरत नाही. मोठ्या मॉडमध्ये हे कटाक्षाने पाळलेले दिसते. ब्लूडॉग डिझाइन ब्युरोच्या भागांची नावे ‘ब्लूडॉग_’ ने सुरू होतात, आरओ इंजिन्सची ‘आरओई-’ ने. आपण ‘भाप्र_’ असा छोटा उपसर्ग घेऊ शकता.

आकड्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तेथे मूळ खेळानेही घोळ घातलेला आहे. एफएल-टी८०० मध्ये ३६० एकके इंधन आणि ४४० एकके ऑक्सिडायझर, मिळून ८०० एकके मावतात. रॉकोमॅक्सच्या एक्स२००-८ मध्येही नेमकी तेवढीच मावतात, पण तेथे ८ हा आकडा शेकड्यात आहे, आणि त्याच्या आधी असलेल्या २०० चा क्षमतेशी काही संबंध नाही. पुढे कर्बोडाइनच्या एस३-३६०० मध्ये आकडा पुन्हा पूर्ण लिहिला आहे. तीन मालिकांमध्ये एकच राशी दोन तऱ्हांनी लिहिलेली आहे. इंजिनांत तर टी४५ चा आकडा टी३० पेक्षा मोठा, पण निर्वात जोर मात्र कमी : २१५ किलोन्यूटन, टी३० चा २४०. म्हणून आकड्याचा अर्थ एकदा ठरला की तो सर्व भागांना तोच असला पाहिजे.

जन्मनावात आकडे तीन अंकी लिहावेत असाही माझा आग्रह आहे. अक्षरक्रमाने लावलेल्या यादीत एस१३९, एस२००, एस७ असा क्रम लागतो. ‘एस००७’ लिहिले की सात आधी येतो आणि फोल्डर वाचता येतो. एल२.५ मधला ठिपका तसाच ठेवू नये, कारण अंडरस्कोअरचाही पुढे ठिपकाच होतो आणि मग कोणता ठिपका कशाचा हे कळत नाही. मूळ खेळाच्या ‘मेकिंग हिस्टरी’ या विस्तारात १.८७५ मीटरच्या मापाला ‘साइज१पी५’ म्हटले आहे, त्याच धर्तीवर ‘एल००२पी५’ लिहावे.

व्यास मात्र नावात घालू नका. आपण खऱ्या मापाच्या ०.६२५ पट असे प्रमाण धरले असेल तर एलव्हीएम३ चा ४ मीटरचा गाभा बरोबर २.५ मीटरचा होतो, पण पीएसएलव्हीचे २.८ मीटर १.७५ होतात आणि असे माप मूळ खेळात नाही. आज आपण ते १.८७५ ला नेले असेल; उद्या कोणी ते १.७५ च बरोबर म्हणेल आणि आपल्यालाही ते पटेल. माप बदलण्याची मुभा आपल्याकडे राहू द्या. खेळाला व्यास सांगण्यासाठी ‘बल्कहेडप्रोफाइल्स’ ची ओळ आहेच.

दुर्बीण यांचे उत्तर

मी मॉड तयार करीत नाही, फक्त खेळते, आणि तेही बहुतेक वेळा रात्री मुले झोपल्यावर तासभर. त्यामुळे मला जन्मनावापेक्षा हाक मारायचे नाव महत्त्वाचे वाटते, आणि त्याविषयी तीन-चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

थुंबा_ते_मन यांनी सुचवलेले तीन अंकी आकडे कृपया टायटलमध्ये आणू नयेत. इस्रो एस००७ असे कधी लिहीत नाही, आणि ज्याला पीएसएलव्हीची माहिती आहे त्याला ते नाव परके वाटेल. फाइलीत हवे तर ठेवावेत.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. एल११० हे नाव वाचून मी पहिल्या वेळी खरोखरच ११० टन इंधन धरले आणि त्यावर माझ्या यानाचा सगळा हिशेब मांडला. ०.६२५ च्या प्रमाणात आकारमान घनाच्या पटीत घटते, म्हणजे मूळच्या सुमारे २४ टक्केच उरते. घनता तीच धरली तर ११० टनांचे सुमारे २७ टन होतात, आणि एका एककाचे ५ किलो या हिशेबाने ५,४०० एककांच्या आसपास. नाव बदलावे असे मी म्हणणार नाही, एल११० हे त्या टप्प्याचे नाव आहे आणि ते तसेच असावे, पण वर्णनाच्या पहिल्याच वाक्यात ‘या टाकीत इतकी एकके मावतात’ हे लिहिलेले असावे. नावातल्या आकड्यावर विश्वास ठेवणारा खेळाडू फसू नये एवढेच माझे म्हणणे आहे.

तिसरी गोष्ट उत्पादकाच्या नावाची. यान बांधण्याच्या इमारतीत मी बहुधा उत्पादकानुसारच भाग गाळते, कारण एका मॉडचे सर्व भाग एकत्र दिसतात. मागे एका मॉडमध्ये एकाच उत्पादकाचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले होते, एकदा पूर्ण, एकदा आद्याक्षरांत आणि एकदा शेवटी पूर्णविराम देऊन, त्यामुळे यादीत तीन वेगवेगळे उत्पादक दिसत होते आणि एका बूस्टरचे टोक मला दोन दिवस सापडलेच नव्हते. आपण एक नाव ठरवावे आणि ते सर्व ६३ भागांत अक्षरशः तसेच उतरवावे. ते नाव काय असावे हा आपला प्रश्न आहे, पण माझ्या मनातली इच्छा सांगते. माझे बालपण विक्रोळीत गेले. तेथील गोदरेजच्या कारखान्यात विकास इंजिने तयार होतात हे मला फार उशिरा, चांद्रयानाच्या बातम्यांतून कळले. वालचंदनगरमध्येही इस्रोच्या घन मोटरींची कवचे बनतात. खऱ्या कंपन्यांची नावे खेळात घालू नयेत हे मला मान्य आहे, पण वर्णनात या गावांचा एखाद्या वाक्यात उल्लेख आला तर माझ्यासारख्या खेळाडूला तो भाग आपला वाटेल.

टायटलच्या रचनेसाठी मूळ खेळाची रीत मला सोयीची वाटते : आधी सांकेतिक नाव, मग अवतरणचिन्हांत टोपणनाव, मग ती वस्तू काय आहे ते. ‘एलव्ही-टी३० "रिलायंट" लिक्विड फ्युएल इंजिन’ असे नाव वाचले की ओळख, आठवण आणि उपयोग तिन्ही एका ओळीत मिळतात. विकास हे तर आयते टोपणनाव आहे.

नभोयंत्र यांचा प्रतिसाद

आपण तिघांनीही इतका वेळ देऊन लिहिले त्याबद्दल मनःपूर्वक आभार. मित्राच्या सेव्हमध्ये मी काल ठिपक्याच्या रूपाने शोध घेतला आणि सूत्रलेखिका यांनी सांगितल्याप्रमाणे क्राफ्ट फाइलीतील चौदा ठिकाणी नाव बदलले. यान पुन्हा उघडले. ते कक्षेत पुन्हा न्यावे लागेल, पण बांधणी वाचली.

नव्या पद्धतीने काही नावे मांडून पाहिली : ‘भाप्र_एस२००_मोटर’, ‘भाप्र_एल११०_टाकी’, ‘भाप्र_सी०२५_टाकी’, ‘भाप्र_एस१३९_मोटर’, ‘भाप्र_एल००२पी५_टाकी’. इंजिनांना टप्प्याचे नाव न देता ‘भाप्र_विकास_इंजिन’ आणि ‘भाप्र_सीई२०_इंजिन’ असे केले आहे, कारण विकास कोणत्याच एका टप्प्याचे नाही.

दोन ठिकाणी मी अडलो आहे. पहिले म्हणजे भेद. पीएसएलव्हीच्या सुरुवातीच्या उड्डाणांत पहिला टप्पा एस१२५ होता, पुढे तो एस१३९ झाला. गगनयानासाठी मानवी उड्डाणायोग्य केलेल्या एस२०० ला एचएस२०० म्हणतात. हे वेगळे भाग करावेत, की एकाच भागात पर्याय म्हणून द्यावेत? दुसरे म्हणजे विकासच्या दोन नळ्या. आज ते दोन भाग आहेत, ते एक करावेत असे वाटते.

सूत्रलेखिका यांचे उत्तर

यान वाचले हे वाचून फार बरे वाटले.

भेदाबाबत मी एकच कसोटी लावते. खेळाडूला वजन, इंधन किंवा जोर बदललेला मिळणार असेल तर वेगळा भाग; फक्त रूप बदलणार असेल तर पर्याय. त्यानुसार एस१२५ आणि एस१३९ हे दोन भाग होतात. एचएस२०० चे आकडे आपण मॉडमध्ये एस२०० सारखेच ठेवणार असाल आणि फक्त रंग व खुणा बदलणार असाल, तर तो पर्याय करावा. विकासच्या लांब नळीने निर्वातातली कार्यक्षमता बदलते, म्हणून ती दोन इंजिने वेगळीच राहू द्यावीत असे मी सुचवेन. ‘भाप्र_विकास_इंजिन’ आणि ‘भाप्र_विकास_इंजिन_निर्वात’ अशी.

पण पर्याय केलात की त्या पर्यायालाही जन्मनाव असते हे विसरू नका. १.४ पासून खेळात भागांचे पर्याय देण्याची सोय आहे, आणि खेळाडूने कोणता पर्याय निवडला हे क्राफ्ट फाइलीत ‘सिलेक्टेडव्हेरिअंट’ पुढे नावाने लिहिले जाते. पर्यायांसाठी बी९ पार्टस्विच हा मॉड वापरणार असाल तर तेथेही उपप्रकाराचे नावच जतन होते. म्हणून पर्यायांना ‘पांढरा’, ‘नवा’, ‘सुधारित’ अशी नावे देऊ नका. ‘नवा’ हे नाव दोन वर्षांनी खोटे ठरते आणि तेव्हा ते बदलताही येत नाही. ‘एचएस२००’ हे नाव चालेल.

तीन अंकी आकड्यांच्या बाजूने मला आणखी एक कारण दिसते. पॅच लिहिणारे अनेकदा तारांकन वापरून एकदम बरेच भाग पकडतात. ‘एस१२’ ने सुरू होणारे सगळे असे कोणी लिहिले, तर पीएसएलव्ही-एक्सएलच्या सहा लहान बूस्टरांचा एस१२ आणि पहिल्या टप्प्याचा एस१२५ दोन्ही त्यात सापडतील. ‘एस०१२’ लिहिले असेल तर तसे होणार नाही. आपले भाग दुसऱ्यांच्या मॉडबरोबर वापरले जाणार असतील तर ही काळजी आपणच घेतलेली बरी.

थुंबा_ते_मन यांचे उत्तर

कसोटी मला मान्य आहे. एवढेच जोडतो की सी२५ च्या जागी सी३२ आणि एल११० च्या जागी अर्धशीत इंधनाचा एससी१२० आणण्याची इस्रोची योजना आहे. ते भाग करायला घ्याल तेव्हा ते नवे भाग म्हणूनच यावेत, जुन्यांची सुधारणा म्हणून नव्हे. चांद्रयान-३ चा प्रक्षेपक जसा होता तसा बांधणाऱ्याला सी२५ तेव्हाही हवाच असेल. ‘एससी’ हे दोन अक्षरांचे आद्यचिन्ह येणार आहे हे आत्ताच धरून चाला, म्हणजे आद्यचिन्ह एकाच अक्षराचे असते असे गृहीत धरून कोणती फाइल लिहिली जाणार नाही.

नभोयंत्र यांचा प्रतिसाद

आपल्या सूचनांप्रमाणे काम सुरू केले आहे. ६३ पैकी ४१ भागांची जन्मनावे जशी आहेत तशीच ठेवत आहे, कारण ती विस्कळीत असली तरी कोणाची दिशाभूल करीत नाहीत. त्यांची टायटले, टॅग आणि उत्पादक तेवढे एकसारखे केले. बाकीच्या २२ भागांसाठी नव्या नावांचे भाग तयार करून जुने लपवले आहेत. त्यात ‘क्रायो_टँक_बिग’ हे नाव मी परत आणले आहे, म्हणजे ज्यांनी मधली आवृत्ती घेतली नाही त्यांची याने सुरक्षित राहतील. मधल्या आवृत्तीतला ‘सी२५_टँक’ हाही लपवून ठेवला आहे, कारण त्या तीन आठवड्यांत त्या नावानेही कोणी काही बांधले असेल.

उत्पादकाचे नाव अजून ठरायचे आहे. वर्णने लिहून झाली की पहिली दहा येथे टाकतो. दुर्बीण यांनी त्यांतील एककांचे आकडे खेळात पडताळून पाहावेत अशी विनंती आहे. विकासच्या वर्णनात विक्रोळीचा उल्लेख घेतला आहे.